खांदा पुढे, मान आखूड

सहा मिलिमीटरच्या रायफलीत जड गोळी वापरायची म्हटलं की पहिली अडचण येते जागेची. १०५ ग्रेनची गोळी वजनाला सात ग्रॅमही भरत नाही, पण लांबीला जवळपास सव्वा इंच असते. ती ज्या ६ एमएम बीआर पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बसवायची, ती पुंगळीच मुळात १.५६० इंचाची. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर गोळी पुंगळीच्या पाऊण उंचीच्या वर जाते. एवढं लांब प्रकरण तेवढ्याशा जागेत खुपसलं तर दारूला जागा उरणार किती आणि गोळीची शेपटी जाणार कुठं, या दोन प्रश्नांतून माझा हा सगळा उद्योग सुरू झाला.

मी ओहायोत एका टूलरूममध्ये काम करतो. त्याआधी भोसरीत प्रेस शॉपमध्ये होतो, डीप ड्रॉइंगच्या, म्हणजे पत्रा ओढून खोल आकार देण्याच्या, डाय करायचो. नेमबाजी मात्र इथं येऊनच सुरू झाली, आणि तीही उशिरा. एच-वन-बी व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूकच काय, साधं काडतूस बाळगायलाही इथल्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना तिची लांबी माहीत आहेच, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कार्ड आलं आणि मी एफ-क्लासमध्ये शिरलो.

एफ-क्लास म्हणजे जमिनीवर पालथं पडून, पुढं स्टँड, मागं वाळूची पिशवी, वर मोठी दुर्बीण लावून लांबवरचं निशाण मारायचं. कॅनडाच्या जॉर्ज फारक्वार्सन यांच्या आडनावातला तो एफ. वय झालेल्या, डोळे आणि मनगटं थकलेल्या नेमबाजांना खेळता यावं म्हणून हा प्रकार निघाला. आता त्यात तरुणच जास्त दिसतात. ६०० यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ सहा इंचांचं, हजार यार्डांवर दहा इंचांचं. आपल्याकडे स्वप्नील कुसाळे किंवा तेजस्विनी सावंत ज्यात खेळतात ती .२२ ची ५० मीटरची नेमबाजी वेगळी. .२२ ची पुंगळी एकदा उडाली की भंगारात जाते, ती पुन्हा भरता येत नाही. म्हणून तिथं खेळाडू वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या रायफलीतून मारून बघतो आणि जमेल तो लॉट विकत घेतो. इथं पुंगळी पुन्हापुन्हा भरतात. स्वतःपुरती भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात परवान्याशिवाय हे करणं सरळसरळ गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

जड गोळीचा हट्ट वाऱ्यासाठी. जड म्हणजे त्याच जाडीची, पण लांब आणि निमुळती. हवा कापत जाताना तिचा वेग कमी घटतो, म्हणून वाऱ्याला तिला ढकलायला कमी वेळ मिळतो. हलकी गोळी नळीतून बाहेर पडताना जास्त वेगात असते, पण तिचा वेग झपाट्यानं उतरतो आणि मग वारा तिला हवी तिकडं नेतो. शंभर-दोनशे यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये, म्हणजे बाकावर रायफल टेकवून खेळायच्या नेमबाजीत, ६८ ग्रेनच्या गोळ्या अजूनही राज्य करतात. ६०० यार्डांवर त्यांच्या भरवशावर बसणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

बीआर म्हणजे बेंचरेस्टच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेमिंग्टन कंपनीनं .३०८ या काडतुसाच्या कुळातली ही आखूड पुंगळी काढली, ती अशाच हलक्या गोळ्यांसाठी. पुढं १९९६ मध्ये नॉर्मा या स्वीडिश कंपनीनं तिच्यावर आपलं नाव लावलं. गंमत म्हणजे नॉर्मानं पुंगळीला हातही लावला नाही, फक्त चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीचा, थ्रोट लांब केला. थ्रोट म्हणजे पुंगळीचं तोंड संपल्यापासून नळीतले आटे सुरू होईपर्यंतचा गुळगुळीत बोळ. तो लांब असला की लांब गोळी पुंगळीबाहेर ठेवता येते. हा तपशील मी वाचला होता, पण तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण डोक्यात पुंगळी बदलायचं भूत होतं.

माझी रायफल जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं थ्रोट आखूड ठेवला होता. नळीचे आटे मात्र आठ इंचाला एक वळसा, म्हणजे लांब गोळी फिरवून स्थिर ठेवायला पुरेसे. थोडक्यात नळी जड गोळीची आणि चेंबर हलक्या गोळीचं. १०५ ग्रेनची गोळी आट्यांना टेकू नये म्हणून पुंगळीत खूप खोल ढकलावी लागे.

खोल म्हणजे नेमकी किती, ते बघायला मी एक डमी काडतूस तयार केलं. दारू नाही, तळाशी बसणारी, दारू पेटवणारी टोपी नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. कामावरच्या वायरकटवर, म्हणजे तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर, साहेबांना विचारून, ते उभं मधोमध कापलं. हा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे आणि कुणी विचारलं की मी तोच दाखवतो. कापलेल्या कडेला पितळेची जाडी स्वच्छ दिसते: तळाशी भरीव, वर येता येता पातळ, खांद्याशी, म्हणजे पुंगळी निमुळती होते त्या उतारावर, पुन्हा थोडी जाड आणि गोळीला धरणाऱ्या मानेत एकसारखी. मान जिथं खांद्याला मिळते तिथं आतल्या बाजूनं पितळेचं एक बारीक कडं उठलेलं असतं. इथली मंडळी त्याला डोनट म्हणतात. माझ्या तुकड्यात गोळीचा पूर्ण जाडीचा भाग त्या कड्याच्याही खाली उतरला होता, आणि त्याखाली निमुळती शेपटी दारूच्या जागेत लोंबत होती.

हिशेब सोपा आहे. गोळीचा व्यास ६.१७ मिलिमीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस मिलिमीटर. गोळी एक मिलिमीटर आत गेली की ३० घनमिलिमीटर जागा गेली. पाण्याच्या वजनात ती जवळपास अर्धा ग्रेन. माझ्या पुंगळीत काठोकाठ पाणी बसायचं ३८ ग्रेनच्या आसपास. दोन-अडीच मिलिमीटर जास्त खोल गेलं की सव्वा ग्रेनपर्यंत जागा गेली, म्हणजे तीन टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण बंद भांड्यात जळणाऱ्या दारूचा दाब त्या जागेच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही, उसळ्या मारतो. त्यामुळं दारू कमी करावी लागते, वेग पडतो आणि जड गोळी घेतल्याचा अर्धा फायदा तिथंच संपतो. शिवाय ते डोनट गोळीला प्रत्येक पुंगळीत वेगळ्या जोरानं धरतं. वेगमापकावर एकाच पेटीतल्या दहा गोळ्यांचे आकडे पसरलेले दिसायचे, त्याचं एक कारण मला त्या कापलेल्या तुकड्यात सापडलं.

उपाय तीन दिसत होते. पहिला, मोठी पुंगळी घ्यायची: .२४३, ६ एमएम क्रीडमूर, ६ एक्ससी. जागा भरपूर, वेगही भरपूर, पण नळी लवकर जळते. क्रीडमूरवाले साधारण दीड हजार गोळ्यांनंतर नव्या नळीची भाषा करतात, आणि मला ते परवडणारं नव्हतं. दुसरा, थ्रोट लांब करायचा. तिसरा, पुंगळीचा खांदा पुढं सरकवून पोट मोठं करायचं.

तिसऱ्या उपायाचा इतिहास मोठा आहे. पी. ओ. ॲक्ली नावाचे एक गनस्मिथ होऊन गेले. गेल्या शतकाच्या मध्यावर ते कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला हे काम करत आणि शिकवतही. त्यांनी अनेक प्रचलित पुंगळ्यांचा उतार कमी केला, भिंती जवळजवळ सरळ केल्या आणि खांदा ४० अंशांचा केला. अशा पुंगळीत दारू थोडी जास्त बसते, आणि तीव्र खांद्यामुळं पितळ मानेकडं कमी वाहतं, त्यामुळं वारंवार कापून लांबी सारखी करावी लागत नाही. सगळ्यात हुशारीची गोष्ट ही की ॲक्लीच्या चेंबरात बाजारातलं मूळ काडतूसही बसतं आणि उडतं, कारण मान आणि खांदा मिळतात तो बिंदू जागचा हलवलेला नसतो. गोळी उडाली की पितळ फुगून नव्या चेंबरचा आकार घेतं. घरच्या पितळेचं रूपांतर आपोआप होतं.

डॅशर हे बीआरचं तसलंच, पण जास्त धीट रूप. डॅन डाउलिंग आणि अल ॲश्टन या दोघांच्या आडनावांतून ते नाव आलं. खांदा ४० अंशांचा आणि जवळपास एक दशांश इंच पुढं. इथं ॲक्लीची सोय चालत नाही. मूळ बीआर पुंगळी डॅशरच्या चेंबरात टाकली तर तिच्या खांद्याला टेकायला काही नाही, ती पुढं सैल राहते. फायरिंग पिन टोपीवर आदळली की पुंगळी पुढं सरकते, मग भिंतींना चिकटते आणि तळाजवळ ताणली जाते. तिथं ताणलेलं पितळ पुढं कधीतरी फाटतं, आणि फाटलं की गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडं येतात. म्हणून तिला आधी खोटा खांदा द्यावा लागतो. त्याबद्दल पुढं येईलच.

आमच्या भागातले गनस्मिथ सत्तरी ओलांडलेले. बोलतात कमी, आणि बोलले तरी कामाचंच. मी डॅशर करून द्या म्हणून गेलो. त्यांनी कापलेला तुकडा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, तुझी पुंगळी लहान नाही, तुझा थ्रोट आखूड आहे. मी म्हटलं दोन्ही आहे. त्यावर त्यांनी जी योजना सांगितली ती मला टूलरूमवाला म्हणून फार आवडली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी याच नळीत थ्रोट लांब करायचा, एक मोसम त्यावर खेळायचं, आकडे लिहून ठेवायचे. मग त्याच नळीत डॅशरचा रीमर, म्हणजे चेंबर कापायचं हत्यार, चालवायचा. डॅशरचं चेंबर बीआरपेक्षा अंगानं मोठं, त्यामुळं जुनं चेंबर पूर्ण साफ होतं. मानेचं तोंड जवळपास तिथंच राहतं, म्हणून थ्रोट तोच टिकतो. नळी तीच, आटे तेच, थ्रोट तोच, फरक फक्त पुंगळीचा. नाहीतर लोक नवी नळी, नवं चेंबर, नवी दुर्बीण सगळं एकदम लावतात आणि मग पुंगळी बदलल्यामुळं गट, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पसारा, लहान झाला म्हणून सांगत फिरतात.

थ्रोटसाठी त्यांनी माझ्याकडून डमी काडतूस मागितलं. गोळी मला पुंगळीत जिथं हवी तिथं बसवलेली: पूर्ण जाडीचा भाग संपून शेपटी सुरू होते ती रेघ मान-खांद्याच्या सांध्याच्या किंचित वर. डोनटला स्पर्श नको, पण मानेची पकड पूर्ण. त्या डमीवरून थ्रोट किती लांब कापायचा ते ठरलं. कापायचं काम बघता बघता झालं. लेथवर नळी लावून ती सरळ फिरते का हे डायल लावून बघण्यातच सगळा वेळ गेला.

या पहिल्या टप्प्यानं मला चकित केलं. दारू किंचित वाढवता आली आणि वेग तीसेक फूट प्रतिसेकंद वाढला, २८३० वरून २८६० च्या आसपास. ही काही मोठी गोष्ट नाही. पण आकड्यांचा पसारा आवरला. ६०० यार्डांवर गोळ्या वरखाली विखुरण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं. वाऱ्यानं आडवं पसरणं हा नेमबाजाच्या अंदाजाचा भाग, पण उभं पसरणं बहुतेकदा काडतुसाचा हिशेब असतो. तो सुधारला. खरं तर तिथंच थांबायला हरकत नव्हती.

थांबलो नाही, कारण खाज. आणि डीप ड्रॉइंगवाल्याला पितळ आकार घेताना बघायचा मोह आवरत नाही, हेही आहेच.

पुंगळ्या लापुआ कंपनीच्या घेतल्या, लहान टोपीवाल्या. खोटा खांदा असा: आधी पुंगळीची मान ६.५ मिलिमीटरच्या मँड्रेलवर, म्हणजे पोलादी दांड्यावर, चढवून रुंद करायची, मग डायमध्ये घालून पुन्हा सहावर आणायची, पण पूर्ण खालपर्यंत नाही. मानेच्या तळाशी रुंद भागाची एक बारीक पायरी शिल्लक राहते. तीच पायरी डॅशरच्या पुढं सरकलेल्या खांद्याला टेकते आणि पुंगळी चेंबरात घट्ट बसते. डाय किती खाली आणायची ते बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दट्ट्याच्या, हातानं ठरवायचं. फायरिंग पिन काढून ठेवलेल्या बोल्टचा दांडा शेवटच्या टप्प्यात हाताला जरा अडला पाहिजे. फार सहज पडला तर पायरी कमी, दाबून बसवावा लागला तर जास्त. डाय एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, वर-खाली करत हे जमवायचं. एकदा जमलं की लॉकनट घट्ट आवळून टाकायचा आणि घरात कुणालाही त्या डायला हात लावू द्यायचा नाही.

मान रुंद करण्याआधी तिचं ॲनीलिंग. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते वाकवलं, ताणलं, दाबलं की कडक होतं, मग फुटतं. मान आणि खांदा ज्योतीत काही क्षण फिरवून मऊ करायचे, तळ मात्र थंड आणि कडकच राहिला पाहिजे. तळ मऊ झालेली पुंगळी दाब झेलू शकत नाही, ती सरळ भंगारात. या पितळाचा आपल्याकडच्या पावसाळ्याशी जुना संबंध आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कारण निघालं घोड्यांच्या पागा: काडतुसं पागेत साठवलेली, लिदी-मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून तयार केलेल्या पितळेत अडकलेला ताण. तिघं एकत्र आले की पितळ चिरतं. उलगडा १९२० च्या सुमारास झाला आणि उपाय निघाला तो हलक्या ॲनीलिंगनं ताण सोडवण्याचा. खडकीची अम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. तिच्या भिंतीकडेनं मी कित्येक वर्षं ये-जा केली, पण पितळेचा हा इतिहास कळला ओहायोतल्या टूलरूममध्ये बसून.

मग खरा भाग, पुंगळी फुगवणं. यासाठी लोक तऱ्हेतऱ्हेच्या वाटा धरतात. कुणी पाण्यानं करतं: पुंगळीत पाणी भरायचं, डायमध्ये घालायची आणि वरून दट्ट्यावर हातोडा मारायचा. पाणी दाबलं जात नाही, पितळ बाहेर ढकललं जातं. आवाज हातोड्याचा तेवढाच, पण खांद्याच्या कडा पूर्ण धारदार येत नाहीत. कुणी थोडी पिस्तुलाची दारू, वर गव्हाचा रवा आणि तोंडाला मेणाचं बूच लावून गोळीशिवायच उडवतं. आमच्या क्लबातले एक आजोबा हेच करतात, आणि नेमबाजीच्या जागेवर त्यांच्याभोवती करपलेल्या शिऱ्याचा वास असतो. हे बायकोला सांगितलं तेव्हा तिनं रव्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मी साधी वाट धरली. खोटा खांदा दिलेल्या पुंगळीत स्वस्तातली गोळी बसवायची, तीही आट्यांना टेकेल इतकी बाहेर, म्हणजे पुंगळीला मागं दाबून ठेवणारा आणखी एक आधार मिळतो. मग ती सरावाच्या गोळीसारखी उडवायची. दारूचं वजन इथं देत नाही आणि विचारलंत तरी देणार नाही. प्रत्येक चेंबर वेगळं असतं, आणि दुसऱ्याच्या आकड्यावर स्वतःचा चेहरा ठेवणं शहाणपणाचं नाही.

पहिली पुंगळी बोल्ट मागं ओढल्यावर बाहेर आली ती बराच वेळ हातात फिरवत बसलो. मानेवर काजळीची पट्टी. खांदा आधी ३० अंशांचा तिरपा होता, तो आता ४० चा, जवळजवळ टेबलासारखा, कडेला अजून किंचित गोलाई. भिंती सरळ. जुना खांदा जिथं होता तिथं नीट बघितलं तर एक फिकट वलय दिसतं, नखाला लागत नाही. आणि मान आखूड. पितळ बाजूला गेलं ते कुठून तरी यायलाच हवं, ते उंचीतून आलं. पुंगळी सुमारे पंचवीस थाऊ बुटकी झाली. डाय करताना ब्लँकचा, म्हणजे ओढण्याआधीच्या कापलेल्या पत्र्याचा, हिशेब आयुष्यभर केला, त्यामुळं हे अपेक्षित होतं, तरी समोर मायक्रोमीटरवर दिसणं वेगळं. दुसऱ्यांदा उडवली की ती राहिलेली गोलाईही जाते. काही पुंगळ्यांच्या माना चिरल्या. त्या बहुतेक अशा, ज्यांच्या भिंतीची जाडी मुळात एका बाजूला कमी होती. बॉल मायक्रोमीटरवर आधी मोजून वेगळ्या काढल्या असत्या तर पितळ तेवढं वाचलं असतं, पण एवढं कोण करत बसतो.

पाणी भरून मोजलं तेव्हा जागा ४१ ग्रेनच्या आसपास भरली. तीन ग्रेनची वाढ. आता वेग चढवत न्यायचा.

इथं एक गोष्ट सावकाश सांगतो. उताराच्या पुंगळीवर दाब जास्त झाला की ती मागं सरकून बोल्टवर जोर देते. बोल्ट उचलताना जड लागतो, आणि नेमबाजाला इशारा मिळतो. सरळ भिंतीची पुंगळी चेंबरला घट्ट चिकटते आणि बोल्टवर जोर कमी येतो. ॲक्ली पुंगळ्यांचा हा गुण म्हणून सांगितला जातो. मला तो अर्धा गुण वाटतो, कारण इशारा उशिरा मिळतो. बोल्ट लोण्यासारखा उचलला जातोय, टोपीच्या कडाही गोल आहेत, आणि आत दाब मर्यादेच्या पुढं गेलेला असू शकतो. म्हणून मी भिंगातून टोप्या बघण्यापेक्षा वेगमापकावर विसंबलो. या लांबीच्या नळीत, या जागेच्या पुंगळीतून, या गोळीला वाजवी किती वेग मिळायला हवा हे ठाऊक असतं. त्यापेक्षा वेग जास्त येत असेल तर तो फुकट आलेला नाही, दाबातून आलेला आहे. शिवाय टोपीचा खिसा सैल होतोय का तेही बघत गेलो. चार-पाच वेळा भरल्यावरच टोपी बोटानं बसायला लागली तर त्या काडतुसाचा दाब जास्त आहे, बाकी लक्षणं काहीही सांगोत.

शेवटी २९४० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास स्थिरावलो. थ्रोट लांब केलेल्या बीआरपेक्षा ऐंशी फूट जास्त, मूळ रायफलीपेक्षा एकशेदहा. गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरप्रमाणे ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात हे एकशेदहा फूट ६०० यार्डांवर इंच-सव्वा इंच वाचवतात, हजार यार्डांवर चारेक इंच. ६०० वर दहाच्या वर्तुळाची त्रिज्या तीन इंच, तेव्हा सव्वा इंच म्हणजे काही कमी नाही. पण वारा दहाचा आहे की बाराचा, हे ओळखण्यातली चूक त्याहून मोठी असते. माझी तरी असतेच.

आणि गटाची उभी पसरण? डॅशरमध्ये ती थ्रोटवाल्या बीआरइतकीच राहिली. कधी थोडी बरी, कधी थोडी वाईट. माझ्या वहीतले दोन्ही मोसमांचे आकडे शेजारी ठेवले तर गोळीचा नेम सुधारला तो थ्रोट कापल्या दिवशी, आणि वेग सुधारला तो पुंगळी बदलल्यावर. गनस्मिथना वही दाखवली. त्यांनी पहिलं पान बघून मिटली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले.

हे नीट पाहिलं तर गेल्या वीस वर्षांत कंपन्यांनी काढलेली नवी काडतुसं हेच सांगतात. .२६० रेमिंग्टनची पुंगळी २.०३५ इंचांची. मॅगझिनमध्ये काडतुसाला एकूण २.८ इंचांच्या आसपास जागा, म्हणून १४० ग्रेनची ६.५ ची गोळी आत ढकलावी लागायची. होर्नाडी कंपनीनं २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर काढलं ते पुंगळी आखूड करून, १.९२० इंचांवर आणून. पुंगळीतली थोडी जागा सोडली आणि गोळी बाहेर राहू दिली. लोकांना पहिल्यांदा कळेना की लहान पुंगळी चांगली कशी. पुढं २०१८ चं .३०० पीआरसी, २०२२ चं ७ पीआरसी, सगळ्यांचा आराखडा लांब गोळी आधी मांडून तिच्याभोवती काढलेला. आधी पुंगळी आणि मग तिच्यात मावेल ती गोळी, हा जुना क्रम उलटा झाला.

डॅशरचा खरा फायदा ज्यांना होतो ते बहुधा पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) स्पर्धांवाले, धावत-पळत, वेगवेगळ्या आडोशांवरून मारणारे. त्यांना कमी धक्का, पुरेसा वेग आणि टिकाऊ नळी तिन्ही हवं असतं. मात्र त्यांना ती मॅगझिनमधून चालवावी लागते, आणि आखूड, जाड, टेबलासारख्या खांद्याची पुंगळी मॅगझिनमधून नाक वर करते. मग मॅगझिनमध्ये पट्ट्या घाला, स्प्रिंग बदला. मी एक-एक गोळी हातानं टाकतो, त्यामुळं मला ती डोकेदुखी नाही. हजार यार्डांवर तर सात मिलिमीटरवाले १८० ग्रेनच्या गोळ्या घेऊन येतात, तिथं सहाची पुंगळी कितीही फुगवली तरी वारा त्यांच्याच बाजूनं असतो.

आता तयार डॅशर पुंगळ्या दुकानात मिळतात. खोटा खांदा नको, रवा नको, हातोडा नको. त्यांची किंमत पाहिली की लोक नाक मुरडतात, पण फुगवण्यासाठी खर्च होणारी गोळी, दारू, टोपी आणि तेवढी जळणारी नळी धरली तर फरक फारसा उरत नाही. मला कुणी विचारलं तर विकतच्याच घ्या म्हणतो. फुगवायचीच असेल तर थोड्याच फुगवा, पितळ कसं चालतं ते बघण्यासाठी.

ही नळी आता थकत आली आहे. बोरस्कोप, म्हणजे नळीत आतून बघायची बारीक दुर्बीण, घालून बघितलं तर थ्रोटपाशी आट्यांच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा. नव्या नळीची ऑर्डर दिली तेव्हा गनस्मिथनी रीमर कुठला ठेवू विचारलं. मी बीआरचा सांगितला, साडेसात इंचाला एक वळसा. थ्रोट किती लांब कापायचा ते १०९ ग्रेनच्या गोळीचं डमी काडतूस पाठवल्यावर ठरेल. त्या गोळ्या अजून दुकानात आलेल्या नाहीत, आल्या की कळवतो म्हणालाय दुकानदार.